हिशोब एप्रिलचा, पाऊस जुलैचा: सह्याद्रीतल्या दोन निरीक्षण केंद्रांचं प्रकरण

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागातली ही गोष्ट. वाडीचं, संस्थेचं आणि माणसांची नावं इथे दिलेली नाहीत किंवा बदलली आहेत. यंत्रं जुळवणारा आणि पुढे त्यांच्यामागे डोंगर चढ-उतार करणारा माणूस मी. त्यामुळे खाली ज्या चुका येतील त्यातल्या बऱ्याचशा माझ्याच आहेत.

पार्श्वभूमी

वाडी चाळीसेक घरांची. वर सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ, सड्याखाली उभा उतार, उताराच्या पायथ्याशी घरं आणि घरांपलीकडे ओढा. ओढ्यावर साकव आहे. शाळेत जाणारी पोरं आणि दुधाच्या किटल्या घेऊन जाणारी माणसं त्याच्यावरूनच ये-जा करतात. २०१४ साली माळीण झालं तेव्हा वाडीने ते टीव्हीवर पाहिलं. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या जवळपास पाऊस पडला, त्याच दिवसांत तळीये गेलं, पाटण तालुक्यातल्या वाड्यांवर दरडी आल्या. तो पाऊस मात्र वाडीने अंगावर घेतला होता. त्यानंतर रात्री पाऊस वाढला की खालच्या अंगाची सहा घरं जागीच असायची.

पुण्यातल्या एका छोट्या संस्थेने थोडे पैसे उभे केले. बेत साधा होता. सड्यावर एक स्वयंचलित पर्जन्यमापक आणि साकवाखाली ओढ्याची पातळी मोजणारं एक यंत्र बसवायचं. चोवीस तासांतला पाऊस ठरावीक आकड्याच्या वर गेला किंवा ओढा साकवाच्या तुळईजवळ आला की वाडीतल्या दहा-बारा मोबाइलवर संदेश जाईल.

पर्जन्यमापक डोलत्या वाटीचा होता. ०.२ मिलिमीटर पाऊस साठला की वाटी एका बाजूला कलंडते आणि चुंबकाने एक कळ दाबली जाते. ह्या मोजणीला वीज जवळजवळ लागतच नाही. साकवाखालचं यंत्र ध्वनिलहरी सोडून पाण्याचं अंतर मोजायचं. दोन्हीकडे यंत्राचा मेंदू असलेला एक छोटा बोर्ड, एक फोर-जी मोडेम, बारा व्होल्ट सात अँपिअर-तासांची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी, दहा वॅटचं सोलर पॅनेल आणि पॅनेलमधून बॅटरी भरणं सांभाळणारा, बाजारात सहज मिळणारा पीडब्ल्यूएम चार्ज कंट्रोलर होता.

कागदावरचा हिशोब असा होता. पुण्यात टेबलावर यंत्राने सरासरी ४० मिलिअँपिअर घेतले, म्हणजे दिवसाला साडेअकरा वॅट-तास. दहा वॅटच्या पॅनेलला पाच तासांचं पूर्ण ऊन धरलं तर ५० वॅट-तास. पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खेचून आणतो, त्यामुळे दहा वॅटचं पॅनेल प्रत्यक्षात सात वॅटच देतं. हे मला माहीत होतं, म्हणून ३५ धरले. तरी गरजेच्या तिप्पट. शिवाय बॅटरीत सहा-सात दिवसांचा साठा. मी खूश होतो.

जागा मार्चमध्ये पाहिली आणि यंत्रं एप्रिलमध्ये बसवली. साकवाच्या वरच्या अंगाला एक सावर होती, लाल फुलांनी भरलेली, अंगावर एकही पान नाही. तिच्या शेजारचे दोन ऐनही निष्पर्ण. फोटो फार छान आले. मेअखेरपर्यंत सकाळी दहालाच बॅटरी भरलेली दिसायची.

काय बिघडलं

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पावसाने मुक्काम ठोकला आणि तिसऱ्या दिवशी साकवाचं केंद्र बंद पडलं. सड्याचं केंद्र आठव्या दिवसापर्यंत तगलं, मग तेही गेलं.

वाडीतला बाळू यंत्रांची देखभाल करायचा. त्याचा फोन आला, "सर, डबा मेलाय. आन् सूर्य बघितल्याला आठ दिस झालं."

केंद्र बंद पडणं ही खरं तर ह्यातली छोटी गोष्ट. मोठी गोष्ट मला नंतर गुरुजींकडून कळली. साकवाचं केंद्र बंद होतं त्या दिवसांत एके रात्री ओढा चांगलाच चढला होता. खालच्या घरातल्या एक मावशी त्या रात्री निवांत झोपल्या, कारण "मोबाइल वाजला न्हाई, म्हंजी पानी कमीच असंल." यंत्र नव्हतं तेव्हा ह्याच मावशी पाऊस वाढला की कंदील घेऊन ओढा बघायला बाहेर यायच्या. आम्ही त्यांची ती सवय मोडली होती आणि बदल्यात न बोलणारा डबा दिला होता. त्या रात्री काही झालं नाही, हे नशीब.

आणखी एक चमत्कारिक प्रकार दिसला. मधेच तासभर उजेड पडला तरी केंद्र सुरू होत नव्हतं. कंट्रोलर बॅटरी ११.१ व्होल्टला आली की यंत्राची वीज तोडतो आणि ती १२.६ ला पोचल्याशिवाय परत जोडत नाही. बॅटरी वाचवायची म्हणून ही सोय असते. पण जुलैच्या उजेडात १२.६ गाठायला आठवडा जातो. म्हणजे बॅटरीत थोडीफार वीज असूनही केंद्र मुकं.

मोजून पाहिलं तेव्हा

पहिल्या भेटीत मीटर घेऊन साकवाजवळ दिवसभर बसलो. छत्री, कांबळं, जळवा, सगळं आलं. ४० मिलिअँपिअरचं यंत्र तिथे सरासरी ११० घेत होतं.

फरक कुठून आला? पहिला चोर मोडेम. पुण्यात त्याला नेटवर्क धरायला वीस-पंचवीस सेकंद लागायचे. ओढ्याच्या खोबणीत रेंज एक काडी, तीही येऊन-जाऊन. दर पंधरा मिनिटांनी जागा होऊन तो चार-चार मिनिटं पूर्ण ताकदीने टॉवर शोधत बसायचा. ११० पैकी साठाच्या वर मिलिअँपिअर एकट्या मोडेमचे होते. दुसरा चोर चार्ज कंट्रोलर. तो स्वतःच दहा मिलिअँपिअर खातो, त्यात त्याचे मिरवायचे निळे-हिरवे दिवे आले. टेबलावर मी यंत्र थेट पॉवर सप्लायवर चालवलं होतं, म्हणून कंट्रोलरचा खर्च हिशोबात कधी आलाच नाही. उरलेले तेहतीस बोर्डाचे. त्याला झोपायला मी शिकवलंच नव्हतं. तो दोन मोजण्यांच्या मधला सगळा वेळ टक्क जागा राहायचा.

म्हणजे खर्च दिवसाला ३२ वॅट-तास. आणि जमा? सड्यावर धुक्यात पॅनेल दिवसाला सातेक वॅट-तास देत होतं. दाट ढगांत एवढंच मिळतं, त्यात पॅनेलचा दोष नाही. साकवाजवळ अडीच. कारण मार्चमधली ती उघडी सावर आणि ते दोन ऐन आता गच्च पानांत होते. वर पॅनेल दक्षिणेकडे तीस अंश कलवलेलं. हिवाळ्याला ते ठीक. पण आपल्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. आणि ढगाळ दिवसात तर सूर्याची दिशा बिनमहत्त्वाची, पॅनेलला आभाळ किती दिसतं ते महत्त्वाचं. आमच्या पॅनेलला निम्मं आभाळ आणि निम्मा ऐन दिसत होता.

बॅटरीत भरलेली असताना ८४ वॅट-तास, त्यातले वापरता येण्याजोगे सत्तरेक. रोजचा तोटा २९. भागाकार केला की अडीच दिवस येतात. केंद्र तिसऱ्या दिवशी मेलं ते अगदी हिशोबात मेलं होतं.

समोरचे पर्याय

मोठं पॅनेल हे सगळ्यांच्या तोंडी पहिलं उत्तर होतं. सामान देणाऱ्या दुकानदाराने फोनवरच सांगितलं, "चाळीस वॅटचं टाका, विषय संपला." संस्थेलाही ते पटलं, कारण ते उद्या सकाळी विकत आणता येत होतं. मी आकडा मांडून पाहायला हवा होता. त्याच झाडाखाली चौपट पॅनेल म्हणजे दहा वॅट-तास, आणि गरज बत्तीसची. मांडला नाही. पॅनेल आलं, चौघांनी पावसात डोक्यावरून नेलं, त्याच पाइपावर चढवलं. चौथ्या दिवशी वाऱ्याने पाइप वाकला. केंद्र तोवर पुन्हा बंद पडलेलंच होतं.

मोठी बॅटरी आणली असती तर बेचाळीस अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड तेरा-चौदा किलोची. तिने पंधरा-सतरा दिवस काढले असते, आणि पावसाळा चार महिन्यांचा. शिवाय लेड-अ‍ॅसिड बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धपोटी राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि ती कायमची दुबळी होते. आमच्या सात अँपिअर-तासांच्या दोन्ही बॅटऱ्यांचं तेच झालं. पावसाळ्यानंतर त्या निम्मीच वीज धरत होत्या.

साकवाशेजारच्या घरातल्या आबांनी त्यांच्या मीटरवरून वायर घ्यायला सांगितलं. मनाचा मोठेपणा. पण ज्या रात्री यंत्र लागणार त्या रात्री वाडीची लाइट असतेच असं नाही. बहुधा नसतेच.

पुन्हा चार्ज न होणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांचाही विचार झाला. अशी एक मोठी सेल १९ अँपिअर-तासांची असते, ३.६ व्होल्टची, आणि वर्षानुवर्षं टिकते. पण ती थेंबाथेंबाने वीज देणारी. मोडेमचा एकदम बसणारा घोट तिला झेपत नाही.

उरला शेवटचा पर्याय, तो कोणाच्या तोंडी नव्हता: खर्चच कमी करायचा. ह्यात विकत आणण्यासारखं फार नसतं आणि फोटो काढण्यासारखं तर काहीच नसतं, म्हणून बैठकीत तो मागे पडत गेला असावा.

मधले पंधरा दिवस

ह्या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय विजेचा नव्हता.

चाळीस वॅटचा प्रयोग फसल्यावर बाळूने सुचवलं, "दोन बॅटऱ्या द्या. एक घरी चार्जिंगला, एक डब्यात. तिसऱ्या दिशी मी बदलतो." तांत्रिकदृष्ट्या बिनचूक उत्तर. आम्ही होकार दिला. पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीच्या वेळी ओढा साकवाच्या खाली हातभर होता, आणि डबा साकवाच्या पलीकडच्या टोकाला. बाळू खांद्यावर बॅटरी घेऊन पलीकडे गेला, डबा उघडला, बॅटरी बदलली आणि परत आला. आणि मग त्यानेच मला फोटो पाठवला, केंद्र सुरू झाल्याचा. फोटोत खाली पाणी दिसत होतं.

ज्या ओढ्याला माणसाने भिऊन राहावं म्हणून यंत्र बसवलं, त्या यंत्रासाठी आम्ही माणूस ओढ्यावर पाठवत होतो. त्याच संध्याकाळी फेऱ्या बंद केल्या. संस्थेत ह्यावर वाद झाला. एक जण म्हणाले की आकडे मधेच तुटतील, देणगीदारांना काय सांगायचं. तुटू देत, असं ठरलं.

त्या वर्षापुरतं यंत्र 'बंद' म्हणून जाहीर केलं. गुरुजींनी शाळेच्या पटांगणात साधा हाताने मोजायचा पर्जन्यमापक ठेवला. रोज सकाळी साडेआठला पोरं आकडा फळ्यावर लिहायची, पाऊस वाढला तर गुरुजी रात्रीही मोजायचे. मावशींना मी स्वतः जाऊन सांगितलं की मोबाइल वाजला नाही तर त्यावरून काहीच समजायचं नाही, ओढा आपला आपण बघायचा. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी इथे लिहीत नाही.

काय केलं

दिवाळीनंतर सगळं उतरवलं. मोडेम दोन्ही केंद्रांवरून काढून टाकले. त्याऐवजी लोरा रेडिओ बसवले. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. त्यावर चार-दोन आकड्यांचा संदेश अर्ध्या सेकंदात काही किलोमीटर जातो, फक्त मधे डोंगर नको. सडा आणि शाळा एकमेकांना दिसतात. साकव शाळेला दिसत नाही, पण सड्याला दिसतो, म्हणून साकवाचा संदेश सड्यावरून शाळेत येतो. सड्याच्या रेडिओला त्यासाठी ठरलेल्या क्षणी कान उघडावा लागतो. ते घड्याळ जुळवायला माझा अख्खा डिसेंबर गेला.

मोडेम आता एकच, शाळेच्या वरच्या खोलीत, जिथे रेंज चांगली आणि भिंतीत प्लग आहे. ते चाळीस वॅटचं पॅनेल शाळेच्या पत्र्यावर गेलं. तिथे त्याला पूर्ण आभाळ मिळतं.

बोर्डाला झोप शिकवली. वाटी कलंडली की जागा होतो, मोजतो, झोपतो. पातळीचा सेन्सर दहा मिनिटांतून तीन सेकंदच चालू. दिवे असलेला कंट्रोलर काढून स्वतः कमी खाणारा घेतला. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, सहा अँपिअर-तासांची. साकवाच्या केंद्राचा खर्च ३२ वरून दीड वॅट-तासाच्या आत आला.

आणि इथे गंमत आहे. दीड वॅट-तास खर्च म्हटल्यावर जुन्या जागी, त्या ऐनाच्या सावलीत मिळणारे अडीचसुद्धा पुरले असते. पॅनेल मोठं करायची तर सोडाच, हलवायचीही गरज उरली नव्हती. तरी दहा वॅटचं तेच पॅनेल आम्ही झाडापासून दूर नेलं आणि पंधरा अंशांवर आणलं. अगदी आडवं केलं नाही. पावसाने धुऊन निघायला आणि पानं घसरायला थोडा उतार लागतो.

शेवटची गोष्ट संदेशांची. प्रत्येक केंद्र तासाला एकदा, काही घडलेलं नसलं तरी, 'आहे' एवढं कळवतं. तीन तास 'आहे' आलं नाही की वाडीतल्या मोबाइलवर जातं: 'साकवाचं यंत्र गप्प आहे. ओढा स्वतः बघा.' शब्द मावशींनी ठरवले. माझ्या मसुद्यात 'संपर्क खंडित' होतं.

पुढच्या पावसाळ्यात

विजेमुळे एकही केंद्र बंद पडलं नाही. सलग अकरा दिवस ऊन नव्हतं तेव्हाही नाही.

बाकी अडचणी आल्याच. लिथियम आयर्न फॉस्फेटचं व्होल्टेज भरल्यापासून संपत येईपर्यंत जवळपास सारखंच राहतं. संदेशासोबत येणारा १३.१ हा आकडा मला जुलैभर धीर देत होता, आणि तो काहीच सांगत नव्हता हे ऑगस्टमध्ये लक्षात आलं. आता व्होल्टेजऐवजी पॅनेलमधून दिवसभरात किती आलं आणि यंत्राने किती खाल्लं ते मोजून पाठवतो. सड्यावर पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात मुंग्यांनी माती भरली. बॅटरी ठणठणीत, 'आहे' वेळच्या वेळी, आणि धो-धो पावसात आकडा शून्य. गुरुजींच्या फळ्यावर त्या दिवशी ९६ लिहिलेलं होतं म्हणून कळलं. हाताने मोजणं बंद न करण्याचा आग्रह त्यांचा होता.

एकदा वीज गेली आणि दुसऱ्या दिवशी मोबाइल टॉवरही आडवा झाला. शाळेतला मोडेम चालू, पण बोलायला पलीकडे कोणी नाही. त्यानंतर देवळाच्या माळ्यावर एक भोंगा बसवला. तो सड्याचा रेडिओ थेट ऐकतो, त्याला मोबाइल लागत नाही.

ऑगस्टमध्ये एका रात्री चोवीस तासांचा पाऊस २०४.५ मिलिमीटरच्या वर गेला. हवामान खात्याच्या भाषेत 'अत्यंत मुसळधार' तिथून सुरू होतो, आणि आम्ही इशाऱ्याची रेघ तिथेच ओढली होती. पहाटे दोनला संदेश गेले, भोंगा वाजला, खालची सहा घरं शाळेत आली. दरड आली नाही. सकाळी दोघे जण कुरकुरले की उगाच झोपमोड झाली. रेघ कुठे ओढावी ह्यावर ग्रामसभेत अजून एकमत नाही. विजेचं कोडं त्या मानाने सोपं होतं.

पुन्हा करायचं झालं तर

जागा जुलैत बघेन, निदान जूनच्या अखेरीस. ते शक्य नसेल तर मार्चमध्ये झाडांची पानं मनाने लावून बघेन, आणि वाडीतल्या माणसाला विचारेन की पावसात इथे उजेड किती असतो. बाळूला ते माहीत होतं. त्याला कोणी विचारलं नाही.

खर्च टेबलावर नव्हे, जिथे यंत्र राहणार तिथे, तिथल्या रेंजवर, कंट्रोलरसकट मोजेन. आणि जमेच्या बाजूला वर्षाची सरासरी धरणार नाही, सगळ्यात अंधारा पंधरवडा धरेन. पाऊस मोजणाऱ्या यंत्राचं कामच त्या पंधरवड्यात असतं.

चाळीस वॅटचं पॅनेल भर पावसात वर चढवण्याआधी एक भागाकार करेन. तो करायला दोन मिनिटं लागली असती.

माणूस ओढ्यावर पाठवायचा नाही, हे मात्र काम सुरू करण्याआधी लिहून काढायला हवं होतं. आम्ही ते फोटो पाहून ठरवलं. आता डब्याच्या झाकणावरच रंगाने लिहिलं आहे: 'पाणी तुळईच्या खाली दोन हातांच्या आत आलं असेल तर उघडू नये.' बाळूचं म्हणणं, रंग टिकणार नाही, कोरून घ्या. ह्या मेमध्ये कोरायचं आहे.